दुकानात हॉट डॉग ठेवायचा, पण कोणत्या शटरला?

पत्र : स. न. वि. वि. सांगलीत विश्रामबागेत कॉलेजांच्या रस्त्यावर आमचे बर्गर, सँडविच, फ्राइज आणि कोल्ड कॉफीचे दुकान आहे. मी, माझे यजमान आणि धाकटे दीर मिळून ते चालवतो. गाळा कोपऱ्यावरचा असून त्याला दोन शटर आहेत. त्यांतले बाजूचे शटर आम्ही सहसा उघडत नाही. आजवर दुकानात फक्त शाकाहारी पदार्थ मिळतात. आता चिकन हॉट डॉग सुरू करावा असे दिरांच्या मनात आहे. पुण्याच्या एका विक्रेत्याने सॉसेज सळ्यांवर फिरवत गरम करणारे रोलर मशीन १८ हजारांना आणि मोठा डीप फ्रीझर २६ हजारांना देऊ केला असून महिनाअखेरपर्यंत १० हजार रुपये बयाणा मागितला आहे. आमच्या हिशेबाने एका हॉट डॉगला सॉसेज २४, पाव १०, सॉस-कांदा-बटर ८ आणि डबा-टिश्यू ५ असा ४७ रुपये खर्च येतो. तो ७९ रुपयांना विकावा, वसतिगृहातल्या मुलांसाठी महिन्याचे कूपन काढावे आणि काउंटरवरच्या मुलांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘सोबत हॉट डॉग देऊ का’ असे विचारावे, अशी दिरांची योजना आहे. सासूबाईंचा मात्र सक्त विरोध आहे. गाळ्याची अनामत त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडून भरली होती, त्यामुळे त्यांचे मन दुखवून काही करणे आम्हाला नको वाटते. काय करावे? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण तुम्ही आकडे दिले आहेत, जागेची माहिती दिली आहे आणि घरातला मतभेदही लपवलेला नाही. माझे मत आधीच स्पष्ट सांगते. हॉट डॉग जरूर विका, पण रोलर आणि मोठा फ्रीझर आत्ता घेऊ नका, कूपनाची कल्पना सोडून द्या, आणि चिकनचा एकही नग तुमच्या सध्याच्या तव्यावर चढू देऊ नका. हे मी का म्हणते आहे ते सविस्तर लिहिते, कारण दिरांना पटवून देण्याचे काम शेवटी तुम्हालाच करायचे आहे.

सुरुवात सासूबाईंच्या विरोधापासून करते. तुम्ही तो घरातल्या भावनेचा प्रश्न म्हणून मांडला आहे. मला तो धंद्याचा प्रश्न वाटतो आणि त्या बाबतीत सासूबाईंचा अंदाज बरोबर आहे असे माझे मत आहे. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांत जैन कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्याशिवाय एरवी मटण-चिकन आवडीने खाणारी, पण सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी कटाक्षाने पाळणारी घरे कितीतरी आहेत. ही मंडळी मुलांना घेऊन तुमच्याकडे निर्धास्तपणे येतात, कारण तुमच्याकडे काहीही मागवले तरी विचारावे लागत नाही. हा निर्धास्तपणा हेच तुमच्या दुकानाचे भांडवल आहे. एकाच तव्यावर आलू टिक्की आणि त्याच तव्यावर चिकन सॉसेज परतलेले एका जरी आजीने पाहिले, तरी ती गोष्ट आठवडाभरात कॉलनीभर होते. आणि नंतर तुम्ही तवा वेगळा केला तरी एकदा बसलेला संशय जाता जात नाही.

खाद्यसुरक्षेचे नियमही हेच सांगतात. शाकाहारी आणि मांसाहारी माल, कच्चा असो की शिजवलेला, साठवताना आणि बनवताना वेगळा राहिला पाहिजे अशी ‘एफएसएसएआय’ या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या स्वच्छताविषयक नियमांची अपेक्षा आहे. तेव्हा वेगळेपण राखणे हा घरच्या वडीलधाऱ्यांसाठी केलेला उपचार आहे असे दिरांना वाटत असेल, तर ते तसे नाही. मांसाहारी पदार्थ सुरू करण्यापूर्वी तुमच्या नोंदणीत अथवा परवान्यात त्याचा समावेश आहे का, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्या आणि नसेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. दरफलकावर शाकाहारी पदार्थापुढे हिरवा गोल आणि मांसाहारी पदार्थापुढे तपकिरी त्रिकोण काढा. पूर्वी मांसाहाराची खूणही गोलच असे. ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून तिचा त्रिकोण करण्यात आला आहे, आणि अनेक दुकानांच्या फलकांवर अजून जुनी खूणच दिसते.

तुमच्या गाळ्याला दोन शटर आहेत ही गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे; मला सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. बाजूचे शटर उघडा आणि चिकनचा हॉट डॉग केवळ तिथून विका. त्या बाजूला स्वतंत्र तवा किंवा छोटी शेगडी, स्वतंत्र चिमटा, सुरी, फडके आणि एक लहान फ्रीज असावा. जो मुलगा तिथे उभा राहील त्याने त्या वेळेत शाकाहारी बाजूला हात लावू नये. मधे अर्धी भिंत किंवा निदान छातीएवढे पार्टिशन घाला, म्हणजे समोरच्या शटरला उभ्या असलेल्या माणसाला आतली विभागणी डोळ्यांनी दिसेल. भाडे तेच राहते, वीजमीटर तेच राहते आणि जुने गिऱ्हाईक बिचकत नाही. सासूबाईंना ही मांडणी कागदावर न दाखवता जागेवर नेऊन दाखवा आणि पार्टिशन कुठे यावे हे त्यांनाच ठरवू द्या. ज्यांनी पाटल्या मोडून अनामत भरली, त्यांचा तेवढा अधिकार आहेच. त्या तरीही नको म्हणाल्या, तर चिकनचा विचार सोडून शाकाहारी प्रकारावर थांबावे असे मी सुचवेन. त्या प्रकाराविषयी पुढे लिहिते.

आता हॉट डॉगविषयी. हा पदार्थ जगभर खपतो, मग आपल्याकडे का खपणार नाही, असे दिरांचे म्हणणे असावे. ते खपण्याबाबत खरे आहे. पण तो कुठे खपतो आणि कुठे अडखळतो याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर यांनी आपला स्टॉल टाकला आणि शेजारच्या फेल्टमन यांच्या प्रसिद्ध उपाहारगृहात १० सेंटला मिळणारा हॉट डॉग ५ सेंटला विकायला सुरुवात केली. ते आधी फेल्टमन यांच्याकडेच कामाला होते. त्यांचा जम बसला, कारण किनाऱ्यावर माणसांचा पूर होता आणि तव्यावरचा नग तिथे थांबतच नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये १९६१ साली सुरू झालेली ‘वीनरश्निट्झेल’ ही साखळीही मुख्यतः हॉट डॉगवरच उभी राहिली. याउलट बर्गर विकणाऱ्या मोठ्या साखळ्यांचे या पदार्थाशी फारसे जमलेले नाही. मॅकडोनाल्ड बंधूंच्या वडिलांनी १९३७ मध्ये टाकलेल्या टपरीवर हॉट डॉग मिळत असे. पण त्या बंधूंनी १९४८ मध्ये आपली यादी छाटून अवघ्या नऊ पदार्थांवर आणली तेव्हा तीत हॅमबर्गर राहिला आणि हॉट डॉगला जागा मिळाली नाही. ‘बर्गर किंग’ने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत हॉट डॉग मोठा गाजावाजा करून आणला, आणि पुढे तो यादीतून उतरला.

यातून मी एवढेच घेते की, जिथे हॉट डॉग हा मुख्य पदार्थ असतो आणि गर्दी अखंड असते तिथे तो चालतो. बर्गरच्या दुकानात तो पाहुणा म्हणून येतो तेव्हा त्याला वेगळा पाव, वेगळी साठवण आणि वेगळे यंत्र लागते, पण खप मात्र इतका होत नाही की हा सगळा सरंजाम सतत चालू ठेवणे परवडावे. तुमचे दुकान बर्गर-सँडविचचे आहे. म्हणून तुम्ही हा पाहुणा अगदी थोड्या सामानानिशी आणला पाहिजे.

रोलर मशीनला माझा विरोध याच कारणासाठी आहे. फिरणाऱ्या सळ्यांवर चमकणारी सॉसेजेस रस्त्यावरून दिसतात, लोक थांबतात, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. पण ते यंत्र शोभून दिसण्यासाठी भरलेले असावे लागते, आणि भरलेले ठेवायचे म्हणजे गिऱ्हाईक येण्याआधीच माल गरम करून ठेवायचा. दोन-तीन तासांत साल सुरकुतते, आतला रस आटतो, चव कोरडी आणि खारट होते. मग रात्री दहा वाजता उरलेले नग टाकून द्यायचे की उद्या पुन्हा फिरवायचे, हा प्रश्न उभा राहतो. जी माणसे ते टाकून देतात त्यांचा नफा जातो, आणि जी टाकत नाहीत ती गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळतात. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडणार नाही याची मला खात्री आहे. म्हणूनच पहिल्या प्रकारातले नुकसान किती असेल ते तुमच्याच आकड्यांवरून काढून दाखवते.

समजा, दिवसाला २० नग गरम केले, १५ खपले आणि ५ टाकावे लागले. टाकलेल्या प्रत्येक नगामागे सॉसेज आणि पाव मिळून ३४ रुपये जातात, म्हणजे ५ नगांचे १७० रुपये. हे विकल्या गेलेल्या १५ नगांवर वाटले की प्रत्येकी सुमारे ११ रुपये होतात. तुमचा ४७ रुपयांचा खर्च तिथेच ५८ वर जातो आणि ७९ रुपयांतून हातात फक्त २१ राहतात. त्यातून गॅस, वीज, पगार आणि भाडे भागवायचे आहे. यंत्र आणि फ्रीझर मिळून ४४ हजार रुपये होतात. ते २१ रुपयांनी वसूल करायचे म्हटले तर जवळपास २,१०० हॉट डॉग विकावे लागतील. आठवड्यातून तीनच दिवस १५ नग खपतात असे धरले, तर या वसुलीलाच ४६-४७ आठवडे लागतात, आणि तोवर एक पैसाही भाड्यात जमा झालेला नसतो.

आता दुसरा हिशेब पाहा. मागणी आल्यावरच सॉसेज गरम केले आणि काहीच टाकावे लागले नाही, तर ८९ रुपये किमतीला ४२ रुपये हातात राहतात. वाया जाणारा माल तसाच ठेवून किंमत ९९ केली तरी ४१ च राहतात. म्हणजे वाया जाणे थांबवणे हे तुमच्यासाठी किंमत दहा रुपयांनी वाढवण्यापेक्षाही थोडे अधिक फायद्याचे आहे. ७९ रुपयांना विकलेत तर ३२ राहतील. मी ८९ सुचवते, कारण स्वतंत्र बाजू, स्वतंत्र माणूस आणि ताजा पाव यांचा खर्च ७९ मध्ये ओढाताणीने बसेल. ‘कॉस्टको’ ही अमेरिकी कंपनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हॉट डॉग आणि शीतपेय दीड डॉलरलाच देते असे कुणी दिरांना सांगितले, तर त्या कंपनीची मोठी कमाई सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून होते आणि हॉट डॉग हा तिथे माणसे आत आणण्याचा मार्ग आहे, हेही सांगावे. तुमच्याकडे अशी वर्गणी नाही.

मागणी आल्यावर बनवायचे म्हणजे गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे असे होत नाही. पाकिटातले सॉसेज मुळात शिजवलेले असते. आपल्याला ते आतपर्यंत कडकडीत गरम करायचे असते. पातेल्यात पाणी उकळीच्या जरा खाली, साधारण ८० ते ८५ अंशांवर ठेवावे, त्यात सॉसेज काही मिनिटे सोडावे आणि मग बटर लावलेल्या तव्यावर सगळीकडून परतून घ्यावे. खळखळत्या पाण्यात साल फाटते आणि चव पाण्यात उतरते, म्हणून उकळी येऊ देऊ नये. सॉसेजच्या मध्यभागी ७४ अंश तापमान झाले पाहिजे. हे डोळ्यांनी कळत नाही. सॉसेजमध्ये रंग आणि टिकाऊपणा यांसाठी बहुधा सोडियम नायट्राइट घातलेले असते, त्यामुळे ते थंड असतानाही गुलाबी दिसते आणि गरम झाल्यावरही गुलाबीच राहते. टोचून पाहण्याचा अन्न-तापमापक काही शे रुपयांत मिळतो. त्या चव्वेचाळीस हजारांच्या यादीत तो नव्हता, आणि माझ्या मते सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू तीच आहे.

एवढा आग्रह धरण्याचे कारण लिस्टेरिया हा जिवाणू आहे. पाकीटबंद तयार मांसात तो शिरला तर फ्रीजच्या थंडाव्यातही वाढत राहतो, आणि गर्भवती स्त्रिया, वृद्ध तसेच प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना त्याचा धोका मोठा असतो. वाफा येईपर्यंत गरम केल्याने तो मरतो. मिरजेत उपचारांसाठी दूरदूरची माणसे येऊन राहतात, त्यांतली काही तुमच्या रस्त्यावरही जेवणखाण शोधत येतात. आपल्या समोर उभा असलेला माणूस कोणत्या प्रकृतीचा आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा ‘जरा कोमट झाले, चालेल’ हे वाक्य त्या बाजूला कुणी उच्चारता कामा नये.

साठवणीची शिस्त अशी ठेवा. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर, वितळायला काढलेला माल फ्रीजमध्ये ५ अंशांच्या आत, आणि गरम करून ठेवायची वेळ आलीच तर ६० अंशांच्या वर. ५ ते ६० च्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. दोन तासांहून अधिक काळ त्या पट्ट्यात राहिलेला माल टाकून द्यावा, आणि हवाच ३२ अंशांपलीकडे गेली असेल तर एका तासातच. सांगलीच्या चैत्र-वैशाखात हा एका तासाचाच नियम धरून चाला. उद्याला लागणारी पाकिटे आज रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर ठेवून वितळवू नका, आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका. वीज गेली तर दार उघडायचे नाही. दार बंद ठेवले तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस थंडावा धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, आणि साधा फ्रीज जेमतेम चार तास. उन्हाळ्यात यातूनही कमीच धरावे. याचा अर्थ असा की, तुमच्या थोड्या खपाला मोठा फ्रीझर घेतलात तर तो कायम रिकामा राहील, वीज खाईल आणि वीज गेल्यावर लवकर तापेल. फ्रीझरचा कप्पा असलेला लहान फ्रीज आणि आठवड्यापुरता माल तुम्हाला पुरेसा आहे.

सॉसेजचे पाकीट घेताना मागची बाजू वाचा. मॅकडोनाल्डचा विस्तार करणारे रे क्रॉक यांचा हॉट डॉगला ठाम विरोध होता, कारण सालीच्या आत काय भरले आहे हे दिसत नाही असे त्यांचे म्हणणे होते. ती शंका आजही रास्त आहे. घटकांत चिकन किती टक्के आहे, स्टार्च आणि सोया किती आहे, मीठ किती आहे हे पाहा. दोन-तीन कंपन्यांची पाकिटे आणून घरात शिजवून चाखा, आणि जे घ्याल त्याचे रिकामे पाकीट काउंटरखाली ठेवा. कुणी विचारले की दाखवता येते. मिरजेहून येणारे काहीजण हलाल आहे का असे विचारतील. पाकिटावर तशा प्रमाणपत्राची खूण असेल तरच हो म्हणा.

पावाची बाजू लोक हलकी समजतात, पण अर्धा हॉट डॉग म्हणजे पाव. बर्गरचा गोल बन कापून चालत नाही आणि वडापावचा पावही नाही. सांगलीत चांगल्या बेकऱ्या आहेत. त्यांतल्या एखादीला सॉसेजच्या लांबीचा, मऊ सालीचा लांबट बन ठरावीक दिवशी करून देण्याची विनंती करा. सॉसेज १५ सेंटिमीटरचे असेल तर पावही तेवढाच हवा, दोन्ही टोकांना सॉसेज किंचित डोकावले तर उत्तमच. अमेरिकेत सॉसेज दहाच्या पाकिटात आणि पाव आठच्या पाकिटात मिळतात, त्यामुळे नेहमी काहीतरी उरते ही तिथल्या घरांची जुनी तक्रार आहे. तुमचा पाव सांगून केलेला असल्याने तुम्हाला ही अडचण येऊ नये. पाकिटात जितकी सॉसेजेस, तितकेच पाव मागवा. तरीही उरलेला पाव दुसऱ्या दिवशी हॉट डॉगसाठी वापरू नका, लसूण-बटर लावून भाजा आणि शाकाहारी बाजूला विका. मात्र तो पाव चिकनच्या बाजूला उघडलेला नसावा.

चवीबाबत मी थोडक्यात लिहिते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पिवळी मोहरीची चटणी आणि गोडसर सॉस एवढ्यावर आपल्या भागातले तोंड समाधान पावत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा लोण्यात कालवून पावाला आतून लावा, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू, आणि अगदी वाढताना मूठभर कुरकुरीत भडंग. चीज आणि मेयोनीजचा भडिमार केला की खर्च वाढतो आणि सगळ्या दुकानांची चव एकसारखी होते.

शाकाहारी हॉट डॉग समोरच्या शटरला जरूर ठेवा. बाजारात मिळणारे गोठवलेले शाकाहारी सॉसेज मला बहुतेक वेळा रबरासारखे लागले आहे, म्हणून ते घरीच वळावे असे सुचवते. बटाटा, वाटाणा आणि पनीर यांच्या सारणात भिजवून पिळलेले पोहे घातले की लांबट आकार चांगला धरला जातो. रव्यात घोळवून थोड्या तेलात परतावे. जैन गिऱ्हाइकांसाठी बटाट्याच्या जागी उकडलेली कच्ची केळी घ्या आणि कांदा-लसूण वगळा. ठेच्यातली लसूणही विसरू नका, त्यांच्यासाठी वाटी वेगळी काढून ठेवावी लागेल. हा प्रकार तुमच्या सध्याच्या सामानात आणि सध्याच्या माणसांत बसतो, आणि कदाचित चिकनपेक्षा तोच अधिक खपेल.

विक्रीच्या दिवसांचा विचार पंचांग समोर ठेवून करावा लागेल. आपल्याकडे मांसाहाराचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बाजूचे शटर या तीनच दिवशी, संध्याकाळी पाच ते रात्री दहा एवढेच उघडा. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर माल निम्म्याने उतरवा. श्रावणात ते शटर पूर्ण बंद ठेवा आणि तसा फलक लावा, नवरात्रातही तेच. आषाढात मागणी वाढेल, दिवाळीनंतर पुन्हा वाढेल, आणि कॉलेजांच्या परीक्षा संपून मुले गावी गेली की एकदम पडेल. या चढउतारात रोज चालवावे लागणारे यंत्र कसे निरुपयोगी ठरते, हे दिरांना वेगळे सांगावे लागणार नाही.

वसतिगृहाच्या कूपनाबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. एक सॉसेज साधारण तेवढ्याच वजनाचे असते. पंधरवड्यातून एकदा मित्रांबरोबर हॉट डॉग खाणाऱ्या मुलाला मी घाबरवणार नाही. पण आगाऊ पैसे घेऊन त्याच मुलाला महिनाभर रोज तो खायला लावणारी योजना आपण आखू नये. ही मुले पलूस, जत, विटा, आटपाडीकडून घर सोडून शिकायला आलेली असतात, आणि संध्याकाळचे जेवण चुकवून कूपन संपवण्याचा मोह त्यांना होणारच. कूपन काढायचेच असेल तर ते तुमच्या भाज्यांच्या सँडविचचे, ताकाचे, उकडलेल्या मक्याचे काढा. दिरांचा हेतू वाईट नाही, त्यांना ठरलेले उत्पन्न हवे आहे, आणि ते या मार्गानेही मिळते.

प्रत्येकाला ‘सोबत हॉट डॉग देऊ का’ विचारण्याची सूचनाही मागे घ्यावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची चौकशी करणाऱ्या आजींना किंवा जैन कुटुंबाला हा प्रश्न ऐकावा लागला, तर दोन शटरांची सगळी मेहनत एका वाक्यात वाया जाईल. बाजूच्या शटरला जो माणूस स्वतःहून आला आहे, त्यालाच विचारावे. तिथल्या मुलाला विक्रीवर बक्षीस देऊ नका; त्याऐवजी किती गरम केले, किती विकले आणि किती टाकले हे तीन आकडे त्याने रोज वहीत लिहावेत, आणि नोंद खरी ठेवल्याबद्दल त्याचे कौतुक करा. टाकलेला नग लपवला जाणार नाही अशी हवा दुकानात असली पाहिजे.

लहान मुलांसंबंधी एक काळजी न विसरता घ्या. गोल, गुळगुळीत आणि दाबला जाणारा सॉसेजचा तुकडा लहान मुलाच्या घशात बरोबर अडकेल अशा आकाराचा असतो. श्वास कोंडण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हॉट डॉगबद्दल खास इशारा दिलेला आहे. चार वर्षांखालच्या मुलासाठी कुणी मागितला तर सॉसेज आधी उभे चिरा, मग त्याचे बारीक तुकडे करा, आणि पालकांना तसे सांगून द्या. गोल चकत्या कधीही करू नका. घरी वळलेल्या शाकाहारी प्रकारालाही हीच पद्धत ठेवा.

राहिला बयाणा. विक्रेत्याला महिनाअखेरची वाट न पाहता कळवा की, सध्या यंत्र घेत नाही. त्यांना खरोखर विश्वास असेल तर रोलर एक महिना भाड्याने देण्यास ते तयार आहेत का, हे विचारायला हरकत नाही. पण बयाणा परत मिळण्याची अट लेखी असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्या १० हजारांतून आधी पार्टिशन, तवा आणि तापमापक घ्या. लहान फ्रीज वापरलेला पण चांगल्या स्थितीतला मिळाला तर पाहा. पहिले दोन महिने विक्रीच्या दर दिवशी १२ ते १५ नगांपुरतीच पाकिटे उतरवा. वहीत सलग चार आठवडे टाकलेल्या नगांचा आकडा शून्याच्या जवळ राहिला आणि माल संपल्यामुळे गिऱ्हाईक परत जाऊ लागले, तर मला पुन्हा लिहा, आपण रोलरचा विचार तेव्हा करू.